बाबांच्या तळपायाची जखम सात आठवडे झाले तरी सुकत नाही. उघडी ठेवू की झाकून?

वैदेही_क

नमस्कार. बाबांचं वय ६८, मधुमेह १९ वर्षांचा. सात आठवड्यांपूर्वी त्यांच्या उजव्या बुटाच्या तळातून खिळ्याचं टोक वर आलं होतं आणि दिवसभर चालूनही त्यांना ते कळलं नाही. संध्याकाळी मोजा रक्तानं तळव्याला चिकटलेला निघाला, तेव्हा समजलं. जखम अंगठ्याच्या मागे, चवड्यावर आहे.

मी रोज काय करते ते सगळं लिहिते, म्हणजे कुठे चुकतंय ते सांगता येईल. सकाळी हायड्रोजन पेरॉक्साइड ओतते आणि फेस थांबेपर्यंत वाट बघते. मग पोव्हिडोन आयोडीन. दिवसभर जखम उघडी, पंख्याखाली, वारा लागावा म्हणून. रात्री कोरडा गॉज. सकाळी तो चिकटलेला असतो, ओढून काढावा लागतो, थोडं रक्त येतं. दर दोन-तीन दिवसांनी वाटतं की आता सुकत आली, आणि लगेच कडेनं पुन्हा ओल दिसते. काल पट्टी धरून मोजली: लांबी २४ मिलिमीटर, रुंदी १८. भोवती पिवळट, जाड घट्टा आहे. वास नाही, ताप नाही. दुखत नाही म्हणतात, त्यामुळे घरभर चालत असतात.

दोनदा प्रतिजैविकं झाली, दहा-दहा दिवसांची. आता कोणी ग्रोथ फॅक्टरचं, म्हणजे पेशींना वाढायला लावणाऱ्या प्रथिनाचं, जेल सुचवतंय, कोणी स्वतःच्याच रक्तापासून केलेलं इंजेक्शन, कोणी मध. यातलं काही करण्याआधी मला समजून घ्यायचंय की जखम भरते म्हणजे आत नेमकं काय होतं, आणि बाबांच्या पायात ते कुठे अडलंय.

समीर_७

ताई, जखम उघडीच ठेवा. दोन वर्षांपूर्वी गाडीवरून पडलो तेव्हा माझा गुडघा चांगला सोलवटला होता. पट्टी बांधली तेवढे दिवस चिघळत राहिला, सोडली आणि चार दिवसांत खपली धरली. हवेसारखं औषध नाही.

निवृत्त_सिस्टर

वैदेही, मी तुझ्या आईच्या वयाची असेन, म्हणून एकेरीच लिहिते. ३१ वर्षं परिचारिका होते, त्यातली शेवटची १४ फक्त ड्रेसिंगच्या खोलीत. तू जखम मोजलीस ही फार चांगली गोष्ट केलीस. बहुतेक घरांत 'कालच्यापेक्षा बरी वाटते' याच्यापुढे माप जात नाही.

आधी पेरॉक्साइड, कारण ते आजपासून बंद. तो फेस जंतू मेल्याचा नसतो. आपल्या रक्तात आणि पेशींमध्ये कॅटलेज नावाचं विकर असतं, ते पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं. फसफसतो तो हा ऑक्सिजन. एकही जंतू नसलेल्या ताज्या रक्तावर ओतलंस तरी असाच फेस येईल. आणि जखमेच्या तळाशी जे कोवळं मांस धरू पाहतंय, त्याच्या पेशी रोज सकाळी त्यात होरपळतात.

मलाही हे उशिरा कळलं. एका बाईंच्या नडगीवर जखम होती. आम्ही तीन महिने हेच करत होतो: पेरॉक्साइड, कोरडा गॉज, दुसऱ्या दिवशी ओढून काढायचा. गॉजच्या जाळीत गुलाबी कण अडकून यायचे. 'घाण निघाली' असं मला शिकवलेलं, आणि मीही नव्या मुलींना तेच शिकवलं. ते त्या बाईंचं नवीन मांस होतं. त्या कळवळायच्या आणि मी म्हणायचे, थोडं सोसा. अजून आठवलं की जीव तुटतो.

आता सुकण्याबद्दल. आपण बोलतोच असं की जखम सुकली म्हणजे बरी झाली, आणि ओली आहे म्हणजे काहीतरी बिघडलंय. म्हणून हात आपोआप पंख्याच्या बटणाकडे जातो. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या कातडीवर सारख्याच उथळ जखमा केल्या, काही उघड्या ठेवल्या, काही पॉलिथिनच्या पातळ पापुद्र्यानं झाकल्या. झाकलेल्या जखमांवर त्वचेचा नवा थर जवळजवळ दुप्पट वेगानं पसरला. त्या थराच्या पेशी जखमेच्या कडेकडून आत सरकत येतात, आणि सरकायला त्यांना ओलावा लागतो. जखम उघडी राहिली की वरून खपली होते, खपलीखालचाही थोडा थर वाळून मरतो, आणि मग त्या पेशींना खालून, ओल मिळेल तिथून, वाट काढत जावं लागतं. समीर, तुझा गुडघा भरला तो तुझं रक्त नीट वाहतं आणि तिथे संवेदना आहे म्हणून. उघडा ठेवल्यानं उलट दोन-चार दिवस जास्तच लागले असतील.

ओलसर म्हणजे चिंब नाही, हेही सांगते. जखमेची कड पांढरी पडली, फार वेळ पाण्यात राहिलेल्या बोटांसारखी सुरकुतली, तर ओल जास्त झाली; तेव्हा जास्त शोषणारं ड्रेसिंग हवं. आणि एक मोठा अपवाद. टाचेवर किंवा बोटावर कोरडी, काळी, घट्ट खपली असेल आणि पायाला रक्त कमी पोचत असेल, तर ती भिजवायची नाही. रक्तवाहिन्या तपासून होईपर्यंत ती कोरडीच ठेवतात. बाबांची जखम तशी वाटत नाही, पण हा धागा आणखी कोणी वाचेल म्हणून लिहिलं.

धुवायला सलाइन किंवा स्वच्छ पिण्याचं पाणी पुरे. आयोडीनला मी सरसकट नाव ठेवत नाही, जंतू वाढलेल्या जखमेत थोडे दिवस त्याचा उपयोग असतो. स्वच्छ जखमेवर आठवडेच्या आठवडे नको.

आत काय होतं ते मी पट्टी उघडल्यावर दिसायचं त्यावरून सांगते. पेशींचं मला वाचूनच माहीत, पण डोळ्यांनी बघितलेलं पक्कं आहे. पहिल्या काही मिनिटांत रक्तवाहिन्या आवळतात, प्लेटलेट गोळा होतात, फायब्रिन या प्रथिनाच्या धाग्यांचं जाळं बसतं आणि रक्त थांबतं. पुढचे दोन-चार दिवस जखम लाल, गरम, सुजलेली, ठणकणारी. या सुजेला लोक घाबरतात, पण ती लागते. पहिल्या काही तासांत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी येऊन जंतू खातात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून मॅक्रोफेज नावाच्या मोठ्या पांढऱ्या पेशी येऊन मेलेलं उचलायला लागतात. साधारण चौथ्या दिवसापासून तळाशी गडद लाल दाणे उठतात. आम्ही म्हणायचो 'मांस धरलं'. प्रत्येक दाणा म्हणजे नव्या केशवाहिनीचं वेटोळं, म्हणून नुसता बोळा लागला तरी रक्त येतं. मग कडा आत ओढल्या जातात, बटव्याची दोरी ओढावी तशा; त्या ओढणाऱ्या पेशींना मायोफायब्रोब्लास्ट म्हणतात. आणि सगळ्यात शेवटी कडेला एक पातळ, फिकट गुलाबी, मोत्यासारखी चमकणारी किनार दिसते. ती नवी त्वचा. कुणाच्या जुन्या जखमेला अशी किनार दिसली की आम्ही एकमेकींना हाक मारून दाखवायचो, हातातलं काम टाकून.

बाबांच्या जखमेचं तू जे वर्णन केलंस त्यात ही किनार कुठेच नाही. घट्टा आहे. म्हणजे ते त्या जागेवर भार देतायत, आणि हेच खरं कारण आहे असं मला वाटतं. लावायचं औषध नंतर बघू. प्रत्येक पावलाला शरीराचं वजन त्या चवड्यावरून जातं आणि रात्रभरात जे मांस धरलं ते चुरडलं जातं. वर घट्टा स्वतः खड्यासारखा आत रुततो. तो धारदार पात्यानं खरवडून काढावा लागतो, पण घरी हात लावू नकोस. हे काम पायांच्या जखमा बघणाऱ्याचंच.

दुखत नाही ही चांगली खूण मानू नकोस. तुला चवड्याला खिळा लागला असता तर तू लंगडत, टाच टेकत चालली असतीस. ते लंगडणं म्हणजेच जखमेला मिळालेली विश्रांती. बाबांच्या नसांनी ती सूचना देणंच सोडलंय. डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरला आले आणि कुष्ठरुग्णांच्या हातापायांवर काम करू लागले. तेव्हा सगळे धरून चालत की या रोगात मांसच झडतं. त्यांनी बघितलं की त्या रुग्णांच्या जखमा इतर कुणाच्याही जखमांसारख्याच भरतात, फक्त त्या पायावर चालणं थांबवावं लागतं. म्हणून पाय प्लास्टरमध्ये घालायचे. आज मधुमेहाच्या तळव्याच्या जखमेला 'टोटल कॉन्टॅक्ट कास्ट' घालतात, तो याच विचारातून आलाय. तळव्याला सगळीकडे घट्ट बसणारं प्लास्टर, भार पूर्ण पावलावर आणि पोटरीवर वाटला जातो, जखमेच्या ठिकाणी फार थोडा उरतो.

काढता येणारा बूटही मिळतो. पण एका पाहणीत अशा रुग्णांची पावलं मोजली, तर दिवसभरातल्या पावलांपैकी २८ टक्केच तो बूट घालून पडली होती. त्यांना दोष नाही, रात्री उठून दोन पावलं जायला कोण पट्टे बांधतं? म्हणूनच काढता न येणारं प्लास्टर जास्त लागू पडतं.

प्लास्टरआधी तीन गोष्टी तपासून घे. एक, अंगठ्यातला रक्तदाब. घोट्याचा दाब मधुमेहात फसवतो, धमन्या कडक झालेल्या असतात आणि आकडा खोटा मोठा येतो. अंगठ्याचा बऱ्यापैकी खरं सांगतो. तो ३० मिलिमीटरच्या खाली असेल तर आधी रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे, ताबडतोब. दोन, निर्जंतुक बोथट सळईनं जखमेचा तळ चाचपून हाड लागतं का बघतात. लागलं तर हाडात संसर्ग असण्याची शंका. एक्स-रे पहिले दोन-तीन आठवडे स्वच्छ दिसू शकतो, पण तुमचे सात झालेत, काढून घ्या. तीन, संसर्ग खरंच आहे का. लाली, ऊब, सूज, पू नसेल तर प्रतिजैविकानं जखम भरत नाही. बोळा फिरवून तपासायला पाठवला तर जंतू उगवणारच, उघड्या जखमेवर ते असतातच.

लाली कडेपासून दोन सेंटिमीटरच्या पुढे गेली, ताप आला, वास आला, पाय वरपर्यंत सुजला किंवा काही काळं दिसलं तर उद्यावर ढकलायचं नाही. त्याच दिवशी दवाखाना.

सूक्ष्मदर्शक

सिस्टरांनी बाहेरून जे सांगितलं त्याची आतली बाजू लिहितो. मी प्रयोगशाळेत त्वचेच्या पेशी वाढवतो, रुग्ण बघत नाही, म्हणून उपचाराचा सल्ला त्यांचाच धरा.

जखम अडते ती बहुधा मॅक्रोफेजपाशी. सुरुवातीला या पेशी हल्ल्याच्या पवित्र्यात असतात, जंतू आणि मेलेल्या पेशी गिळतात, सूज वाढवणारे संदेश सोडतात. मेलेले न्यूट्रोफिल गिळून झाले की त्यांचा स्वभाव पालटतो आणि त्याच पेशी नव्या रक्तवाहिन्या आणि कोलॅजन (त्वचेला ताकद देणारं दोऱ्यांसारखं प्रथिन) तयार करायचे संदेश सोडू लागतात. या पालटाशिवाय जखम पुढे सरकत नाही. रक्तातली साखर सतत चढी असेल, रोज नवी इजा होत असेल, तळाशी जंतूंचा चिकट थर बसला असेल, तर तो पालट होतच नाही. जखम दिसते सात आठवड्यांची, पण आत अजून तिसरा-चौथा दिवसच चालू असतो.

त्या अवस्थेत जखमेच्या पाण्यात प्रथिनं कातरणारी विकरं फार साचतात. एरवी ती मोजकी असतात आणि उपयोगाची, पेशींना वाट मोकळी करून देतात. साचली की नवं बांधलेलं कोलॅजन आणि ग्रोथ फॅक्टर, दोन्ही कातरून टाकतात. तुम्ही विचारलेल्या जेलचं उत्तर इथे आहे. प्लेटलेटमधून निघणाऱ्या एका ग्रोथ फॅक्टरचं जेल, बेकाप्लर्मिन, अमेरिकेत १९९७ मध्ये मधुमेही पायाच्या जखमांसाठी मान्य झालं. माणसाच्या जनुकापासून बनवलेलं असं औषध जखमेवर लावता येणार म्हणून तेव्हा फार मोठी आशा होती. फायदा दिसला, पण माफक. तळ खरवडलेला नसेल आणि भार काढलेला नसेल, तर लावलेलं प्रथिन त्या विकरांच्या तोंडी जातं. स्वतःच्या रक्तातून प्लेटलेट वेगळ्या काढून लावतात त्यालाही हेच लागू.

खरवडण्यानं काय होतं ते मला स्वतःला फार विलक्षण वाटतं. मेलेला थर, जंतूंचा थर आणि कडेच्या थकलेल्या, विभाजन थांबवलेल्या पेशी निघून जातात, रक्त येतं, प्लेटलेट फुटतात. शरीराला जखम नव्यानं झाली असं वाटतं आणि घड्याळ पहिल्या मिनिटापासून सुरू होतं.

मध थोडक्यात: त्यात साखर इतकी दाट असते की जंतूंना पाणी मिळत नाही, तो आम्लधर्मी असतो, आणि त्यातलं एक विकर हळूहळू अगदी थोडं पेरॉक्साइड बनवत राहतं. उथळ भाजण्यावर त्याचा पुरावा बरा आहे. तुमच्या बाबांच्या जखमेचं दुखणं वेगळं आहे.

आहारातून प्रथिनं, क जीवनसत्त्व आणि जस्त पुरेसं जातंय का ते बघा. कोलॅजनच्या तीन दोऱ्या एकमेकींत पिळायच्या तर क जीवनसत्त्व लागतंच, त्याशिवाय पीळ बसत नाही. १९३९-४० मध्ये जॉन क्रँडन या तरुण सर्जननं बॉस्टनमध्ये सहा महिने क जीवनसत्त्व अजिबात नसलेला आहार घेतला आणि स्वतःच्या पाठीवर छेद घेऊन बघितलं. तीन महिन्यांनी केलेला छेद नेहमीसारखा भरला. सहा महिन्यांनी केलेला वरून मिटला, आत मात्र काहीच जुळलं नव्हतं. क जीवनसत्त्व दिल्यावर दहा दिवसांत तो नीट भरला. याहून जुनी नोंद १७४०च्या दशकातली आहे, ब्रिटिश आरमारातल्या जॉर्ज अँसन यांच्या जगप्रदक्षिणेतली. स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग, झालेल्या एका खलाशाची पन्नास वर्षांपूर्वी, १६९० च्या बॉइनच्या लढाईत झालेली जखम पुन्हा उघडली. वण आपल्याला कायमचा वाटतो, पण त्यातलं कोलॅजन रोज थोडं मोडतं आणि रोज थोडं बांधलं जातं. बांधकाम थांबलं की फक्त मोडणं उरतं.

मात्र शरीरात कमतरता नसेल तर जास्तीच्या गोळ्यांनी जखम वेगानं भरत नाही.

वैदेही_क

सिस्टर, सूक्ष्मदर्शक, दोघांचं दोनदा वाचलं. पेरॉक्साइडची बाटली रिकामी केली. गेले सात आठवडे मी रोज सकाळी तेच मांस ओढून काढत होते, हे वाचल्यावर बराच वेळ काही सुचेना. परवाची वेळ घेतली आहे.

अडचण बाबांची आहे. 'दुखत नाही तर प्लास्टर कशाला' म्हणतात. काल त्यावरून आवाज चढले आणि नंतर दोघंही जेवलो नाही. मला नीट झोप लागून महिना झाला. त्यांच्या चिडण्याचा जखमेवर परिणाम होतो का?

निवृत्त_सिस्टर

होतो, आणि तुझ्याही. १९९५ मध्ये जॅनिस किकोल्ट-ग्लेसर यांनी घरातल्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची देखभाल करणाऱ्या १३ बायका आणि तेवढ्याच वयाच्या दुसऱ्या १३ बायका घेतल्या. सगळ्यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची छोटीशी, सारखी जखम केली. देखभाल करणाऱ्यांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. अगं, त्या आजारी नव्हत्या. त्या तुझ्यासारख्या होत्या. म्हणून आठवड्यातल्या दोन रात्री तरी दुसऱ्या कुणावर सोपव आणि झोप. ड्रेसिंग तू शिकलीस तसं दुसरंही कुणी शिकेल.

बाबांना समजावताना जखम दाखवू नकोस, ती त्यांना परक्याच्या पायावर असल्यासारखी वाटते. तपासणीच्या वेळी १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट मागून घे. नायलॉनचा तंतू असतो, टेकवला की ठराविक भाराला वाकतो. त्यांना डोळे मिटायला सांगून आधी हाताला टेकवायचा, मग तळव्याला, आणि 'आता लागलं' म्हणायला सांगायचं. हाताला लगेच म्हणतील. तळव्याला गप्प राहतील. मग डोळे उघडून तंतू तिथे वाकलेला बघू दे. माझ्यासमोर कितीतरी तापट माणसं त्या क्षणी एकदम गप्प झाली, आणि त्यानंतर प्लास्टरला नाही म्हणाली नाहीत. रागाच्या तळाशी भीती असते गं. पाय जाईल ही भीती त्यांना तुझ्या आधीपासून आहे.

वैदेही_क

पाच आठवड्यांनी लिहिते.

मोनोफिलामेंटचं तुम्ही म्हणालात तसंच झालं. दहा जागांपैकी सात जागी बाबा गप्प राहिले. डोळे उघडून तंतूकडे बघितलं आणि विचारलं, 'प्लास्टर किती दिवस?'

अंगठ्याचा दाब ५८ आला. सळई हाडाला लागली नाही, एक्स-रेही ठीक. घट्टा काढल्यावर मला धक्का बसला: त्याच्याखाली जखम आणखी पसरलेली होती. माप झालं २८ बाय २१. पहिलं प्लास्टर तिसऱ्या दिवशी बदललं, सूज उतरून आत पाय हलायला लागला होता म्हणून. त्यानंतर दर आठवड्याला. आत फक्त फोमचं साधं ड्रेसिंग, जेल नाही, इंजेक्शन नाही. साखरेची औषधंही बदलून दिली.

काल, म्हणजे प्लास्टरला चार आठवडे झाल्यावर, १९ बाय १३ भरली. आणि सिस्टर, ती किनार दिसली. आतल्या बाजूला, अंगठ्याकडे, जेमतेम दोन मिलिमीटर. तिथल्या सिस्टरांना मी म्हटलं, थांबा, बाबांना दाखवायचंय. मोबाइलवर फोटो मोठा करून दाखवला. बाबा खूप वेळ बघत होते.

एक विचारायचंय. घट्टा काढल्यावर माप वाढलं, मग सुरुवात २४ बाय १८ धरायची की २८ बाय २१? आणि पूर्ण मिटली की प्लास्टर लगेच काढतात का?

निवृत्त_सिस्टर

दोन मिलिमीटरचं वाचून डोळे भरून आले बघ.

सुरुवात घट्टा काढल्यानंतरचीच धरायची, आधीचं माप झाकलेल्या जखमेचं होतं. २८ गुणिले २१ म्हणजे ५८८, आणि १९ गुणिले १३ म्हणजे २४७. चार आठवड्यांत निम्म्याहून जास्त कमी झाली. आम्ही ड्रेसिंगच्या खोलीत हाच टप्पा बघायचो, कारण चार आठवड्यांत निम्मी झालेली जखम बाराव्या आठवड्यापर्यंत मिटण्याची शक्यता बरीच जास्त असते. निम्मी झाली नसती तर काय राहून गेलं ते पुन्हा शोधलं असतं, आणि जेल, व्हॅक्यूमचं ड्रेसिंग, त्वचेचे पर्याय यांचा विचार तेव्हा केला असता. तुम्हाला आत्ता त्यातलं काही नको.

मिटली की प्लास्टर लगेच नाही काढायचं, साधारण दोन आठवडे आणखी ठेवतात. वरून मिटलेली त्वचा आतून फार कच्ची असते. तीन आठवड्यांच्या वणात मूळ त्वचेच्या सुमारे २० टक्केच ताकद असते. आधी घाईनं घातलेलं बारीक कोलॅजन काढून त्याजागी जाड, भाराच्या दिशेनं बसणारं कोलॅजन घालायचं काम वर्षभर किंवा त्याहून जास्त चालतं, आणि ते संपल्यावरही ताकद ८० टक्क्यांच्या वर जात नाही. त्यामुळे प्लास्टर निघेल त्याच दिवशी मापाचे, आत मऊ तळ असलेले बूट तयार हवेत. मापं आत्ताच द्या, वेळ लागतो.

आणि हे बाबांना वाचून दाखव. भरलेल्या अशा जखमांपैकी सुमारे ४० टक्के वर्षभरात पुन्हा होतात. म्हणून बूट घालण्याआधी रोज आत हात घालून बघायचं, खिळा, खडा, शिवणीची गाठ. त्वचेचं थर्मामीटर घ्या आणि दोन्ही तळवे त्याच-त्याच जागी मोजा. एका पायाची जागा दुसऱ्यापेक्षा २.२ अंश सेल्सिअसनं जास्त गरम दोन दिवस लागोपाठ आली, तर आत इजा सुरू झाली असं समजून चालणं कमी करायचं आणि दाखवायचं. त्यांच्या नसा जे सांगत नाहीत ते थर्मामीटर सांगेल. ही वही त्यांनाच भरू दे, तू भरू नकोस.

पुढच्या प्लास्टरला लांबी-रुंदीबरोबर खोलीही विचारून लिही. आणि किनार बाहेरच्या बाजूनं आली का ते सांग, तिकडची उशिरा येते बऱ्याचदा.